आईचं दूध आणि लेकींचं दूध

वडोदऱ्याहून वाघोडिया, डभोई किंवा सावलीकडच्या एखाद्या गावात कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटरसायकलला नायट्रोजनचं कॅन अडकवून आला की त्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘भाई, आई कितीची?’ म्हणजे ज्या वळूचं सिमेन आणलंय त्याच्या आईनं एका वेतात किती लिटर दूध दिलं. ‘चार हजारांची’ असं उत्तर मिळालं की गाय भरवली जाते. ‘अडीच हजार’ ऐकलं की गोठ्याचा मालक तोंड वाकडं करतो.

वळू स्वतः दूध देत नाही, तेव्हा त्याच्या आईकडे बघणं शहाणपणाचंच वाटतं. हा प्रश्न अगदी चुकीचाही नाही. पण वळूबद्दल तो जितकं सांगतो त्याच्या कितीतरी पट भरवसा आपण त्याच्यावर टाकतो. आणंद इथून तासाभरावर आहे. दुधाळ जनावरांच्या पैदाशीची देशातली मोठी विद्या तिथे १९६५ पासून साठत आलेली आहे. तरी गोठ्यातला प्रश्न अजून आईपाशीच अडलेला आहे, आणि सिमेन वाटणारी यंत्रणाही त्याला आईचाच आकडा पुढे करते.

हिशेब करून बघू. समजा, वळूची आई ज्या फार्मवर होती तिथल्या गायींची सरासरी २,००० लिटर आणि ती स्वतः ४,००० लिटरची. फरक २,००० लिटरचा. दुधाची आनुवंशिकता साधारण २५ टक्के धरतात. म्हणजे एकाच गोठ्यातल्या दोन गायींत जो फरक दिसतो त्यातला पाव भाग रक्ताचा, आणि उरलेला चारा, पाणी, ऋतू, वेताचा क्रम, धार काढणाऱ्याचा हात आणि योगायोग यांचा. त्या २,००० मधले ५०० लिटर काय ते आईच्या रक्ताचे. त्यातला निम्मा वाटा वळूकडे, म्हणजे २५०. वळूकडून त्याच्या लेकीकडे पुन्हा निम्मा, १२५. तीनशे दिवसांच्या वेतात १२५ लिटर म्हणजे दिवसाला चारशे मिलिलिटरच्या आसपास. ‘चार हजारांची आई’ ऐकून डोळ्यांपुढे जे भरलेलं कॅन येतं ते प्रत्यक्षात चहाच्या चार कपांचं दूध असतं. आणि हासुद्धा सरळ मनानं केलेला हिशेब. छापलेला आकडा बहुतेकदा आईच्या सर्वोत्तम वेताचा असतो; पाच वेतांतलं एक निवडून काढलं की त्यात योगायोगाचा वाटा आणखी वाढतो.

दुसरी गोम त्याहून मोठी. एकाच आईबापाचे दोन गोऱ्हे घ्या. सख्ख्या भावांच्या उंचीत, रंगात, स्वभावात फरक पडतो तसा त्यांच्या रक्तातल्या दुधातही पडतो. आईबापांकडून कुणाला कोणता वाटा मिळाला हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. आईच्या आकड्याला हा फरक दिसतच नाही. दोन्ही गोऱ्ह्यांच्या गळ्यात ४,००० चीच पाटी लटकते.

तो दिसतो लेकींच्या दुधात. या शास्त्रात अंदाजाच्या खात्रीला शून्य ते एक असा आकडा देतात. आईच्या एका वेतावरून वळूचा जो अंदाज बांधतात त्याची खात्री ०.२५. त्याच वळूच्या १५ लेकींचं दूध मोजलं तर ती ०.७१ होते, ३० लेकींवर ०.८२, ६० वर ०.८९ आणि १०० लेकींवर ०.९३. शंभराच्या पुढे आकडा फारसा हलत नाही. पहिल्या पंधरा लेकींनी जे काम केलं ते आईच्या कितीही मोठ्या आकड्याला करता येत नाही.

आता जरा परक्या मुलखातली गोष्ट. गुजरातेत गोहत्याबंदी आहे, त्यामुळे गोमांसासाठी गायी पाळणं हा इथला धंदा नाही. पण त्या धंद्यातले लोक वळूच्या दुधाकडे कसं बघतात हे आपल्या कामाचं आहे. अमेरिकेत ॲंगससारख्या जातींच्या गायींचं दूध कुणी काढत नाही, सगळं वासरूच पितं. सातएक महिन्यांनी, हिशेबाला २०५ दिवसांनी, वासरू तोडतात आणि त्याचं वजन करतात. तिथल्या वळूंच्या यादीत ‘दूध’ असा रकाना असतो, पण त्यात लिटर नसतात. पौंडांत वासराचं वजन असतं. एका वळूच्या नावापुढे ३० आणि दुसऱ्याच्या पुढे २० असेल, तर पहिल्याच्या लेकींची वासरं निव्वळ आईच्या दुधामुळे सरासरी १० पौंडांनी, म्हणजे साडेचार किलोंनी जड भरतील असा त्याचा अर्थ. वासराच्या स्वतःच्या वाढीचं रक्त वेगळ्या रकान्यात. आणि प्रत्येक आकड्याखाली त्याची खात्रीही छापलेली.

यात शिकण्यासारखं पुढे आहे. दुधाच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा तिथला जाणता पशुपालक उचलत नाही. जास्त दुधाच्या गायीचं यकृत, आतडी, हृदय मोठं असतं. ती भाकड असतानाही तिला जगायला जास्त चारा लागतो. नेब्रास्कातल्या क्ले सेंटर इथल्या सरकारी संशोधन केंद्रात वेगवेगळ्या जातींच्या गायींना कमी-जास्त चारा देऊन हे तपासलं गेलं. चारा बेताचा असताना मध्यम दुधाच्या आणि मध्यम अंगाच्या जाती खाल्लेल्या चाऱ्याच्या मानानं जास्त किलो वासरू देत होत्या. मोठ्या अंगाच्या जातींचं पारडं जड व्हायला चारा भरपूर लागत होता. म्हणून कोरड्या कुरणांवरचा पशुपालक दुधाचा आकडा मध्यम ठेवतो. जास्त दुधाची गाय बेताच्या चाऱ्यावर आधी स्वतःचं अंग झिजवते, मग माजावर यायचं थांबते.

हे आपल्या डगरीला तंतोतंत लागू पडतं. २०१३ मध्ये वडोदरा जिल्ह्यातून वेगळा काढलेला छोटा उदेपूर, शिवाय दाहोद, पंचमहाल, महिसागर या डोंगरपट्ट्यातली ही लहान चणीची, बहुतेक पांढरी गाय. दूध दिवसाला दोन लिटरच्या आसपास, तेही वासराबरोबर वाटून. तिचा खरा उपयोग बैलासाठी: उताराचं, तुकड्यातुकड्यांचं शेत, जिथे ट्रॅक्टर वळत नाही. डगरीचं दूध म्हणजे आधी वासराचं दूध. ते पुरेसं मिळालं तर गोऱ्हा वेळेवर अंग धरतो आणि जूही वेळेवर खांद्यावर घेतो. गोमांसवाल्यांच्या ‘दूध’ रकान्याच्या इतकं जवळचं जनावर आपल्याकडे दुसरं नसेल.

आणि नेमकी हीच गाय गीरच्या, तेही ‘चार हजारवाल्या’ गीरच्या सिमेननं भरवा असा आग्रह धरला जातो. पुढे काय होतं? ४०० किलोच्या गीरला वजनाच्या अडीच टक्के धरले तरी रोज १० किलो कोरडा चारा लागतो. आठ लिटर दूध हवं तर दर अडीच लिटरला एक किलो या नेहमीच्या हिशेबानं सव्वातीन किलो दाण वेगळं. ५० किलोची गोणी पंधरवड्यात संपली. संकर अर्ध्या रक्ताचा म्हणून हे सगळं थोडं कमी धरा. तरीही मक्याच्या कडब्यावर, भाताच्या पेंढ्यावर आणि चरायला मिळेल त्यावर हे भागत नाही. पेंढ्यात प्रथिनं असतात तीन-चार टक्के. एप्रिल-मेमध्ये डोंगरावर गवताची काडी नसते, तेव्हा त्या गायीच्या बरगड्या मोजता येतात. तिच्या रक्तात दूध आहे, पण गव्हाणीत नाही. ती तीन लिटर देते आणि वर्षभर गाभण राहत नाही.

गाभण न राहण्याची किंमत गोठ्यात कुणी मांडत नाही. एक गाय वेताला २,००० लिटर देते पण दोन वेतांत १८ महिन्यांचं अंतर. दुसरी १,७०० लिटर देते, अंतर १४ महिने. पहिलीचं ५४८ दिवसांवर वाटलं तर दिवसाला ३.६५ लिटर, दुसरीचं ४२६ दिवसांवर वाटलं तर ३.९९. कमी दुधाची गाय जास्त दूध देऊन जाते, वासरंही लवकर लवकर देते. वळूच्या यादीत लेकींच्या दोन वेतांतलं अंतर छापलं असतं तर हा हिशेब मांडून दाखवायची वेळ आली नसती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आदिवासी कुटुंबालाही दुधाचा पैसा हवा असतो. ‘तुम्हाला दोन लिटरच बरं’ असं वडोदऱ्यात बसून सांगणारे आपण कोण? बरोबर आहे. त्याला दूध नको असं कुणी म्हणू नये. जिथे नर्मदेच्या कालव्याचं पाणी आहे, बारा महिने हिरवा घास आहे, दूध मंडळीचं, म्हणजे सहकारी संस्थेचं, संकलन दारात आहे, तिथे लेकींवर पारखलेल्या गीर किंवा कांक्रेज वळूचं सिमेन खुशाल वापरावं. पादरा-करजणकडचं उत्तर आणि डोंगरावरचं उत्तर एकच असण्याचं कारण नाही. डोंगरावर डगरीतलाच असा वळू निवडावा की ज्याच्या लेकींची वासरं सात महिन्यांना जड भरतात आणि ज्याच्या लेकी वेळेवर पुन्हा गाभण राहतात. त्यातून दूध अर्ध्या-पाऊण लिटरनं वाढलं तर ते टिकणारं असेल. आज मात्र तसा वळू शोधायला लागणारं मोजमापच होत नाही, आणि ‘डगरीत दूधच नाही’ हे वाक्य त्या न केलेल्या मोजमापाच्या जोरावर बोललं जातं.

ते मोजमाप अवघड नाही. वासराच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या सांध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०, की किलोत वजन येतं. घेर १०० आणि लांबी ९० असेल तर ८३ किलो. वासरू त्या दिवशी २२० दिवसांचं आणि जन्माचं वजन १८ किलो असेल, तर वाढ ६५ किलो, म्हणजे दिवसाला २९५ ग्रॅम. २०५ दिवसांना बसवलं की साडेअठ्ठ्याहत्तर किलो. सगळी वासरं अशी एका वयावर आणली की मग तुलना करता येते, तीही त्याच गावातल्या, त्याच हंगामात जन्मलेल्या वासरांशीच. पहिलटकरणीचं वासरू चौथ्या वेताच्या गायीच्या वासराशेजारी ठेवायचं नाही. टेप शिंप्याची चालते, मात्र दर वर्षी नवी घ्यावी. कापडी टेप ताणली जाते.

दुधाळ जातींमध्ये मोजमाप होतं, पण त्यात चोरवाटा पुष्कळ. पद्धत अशी: गाय व्याल्यावर पहिले चार-पाच दिवस चिकाचे सोडायचे, मग महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही धारा मोजायच्या, ३०५ दिवसांपर्यंत. मधले दिवस या दहा-अकरा मोजमापांवरून भरून काढतात. मोजणारा उद्या येणार हे कळलं की आदल्या संध्याकाळी धार अर्धवट सोडायची. सकाळी कास तट्ट भरलेली असते आणि वहीत दीड-दोन लिटर फुकट चढतात. यावर उपाय एकच, आदली धारही मोजणाऱ्यासमोर पूर्ण काढायची.

वासराची अडचण प्रामाणिक आहे, पण तीही तितकीच आकडा बिघडवते. आपली गाय वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि बरेच लोक एक सड वासराला ठेवतात. कुणी दोन ठेवतं. बादलीत आलेलं दूध मोजलं की वासराला सढळ हातानं पाजणाऱ्याची गाय कमी दुधाची ठरते. वासरू पितं किती हे काढायचं तर त्याला पिण्याआधी तोलायचं, पाजायचं, लगेच पुन्हा तोलायचं. ४२ किलोंचं ४३.२ झालं तर सव्वा किलोच्या आसपास दूध त्याच्या पोटात गेलं. काटा ५० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि दोन तोलांच्या मध्ये वासरानं शेण टाकलं किंवा ते मुतलं तर त्या दिवसाचा आकडा सोडून द्यायचा.

सर्वांत फसवी चूक मात्र वहीत कुठेच दिसत नाही. वळूची कमी दुधाची लेक पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच विकली जाते. चांगल्या लेकी तेवढ्या ३०५ दिवस मोजल्या जातात. वळूची सरासरी फुगते. म्हणून मोजायला सुरुवात झालेल्या आणि मध्येच गळलेल्या लेकींचा आकडाही जाहीर व्हायला हवा. किती गावांत लेकी आहेत, हेही. पन्नास लेकी एकाच बड्या गोठ्यात असतील तर ती वळूची परीक्षा नाही, त्या गोठ्याच्या चाऱ्याची आहे.

मग सरळ लेकींवर पारखलेलेच वळू का वापरत नाहीत? वेळ. गोऱ्हा अडीच वर्षांचा झाल्यावर सिमेन देऊ लागतो. गाय नऊ-सव्वानऊ महिने गाभण. गीर कालवड पहिल्यांदा व्यायला पावणेचार वर्षं सहज लागतात, मग दहा महिन्यांचं वेत. वळूची पहिली खरी परीक्षा संपते तेव्हा तो आठ वर्षांचा असतो. ब्राझीलनं आपल्याकडून गेलेल्या गीरवर लेकींच्या दुधाची परीक्षा १९८५ मध्ये सुरू केली आणि नेटानं चालू ठेवली. आपल्याकडे २०११-१२ ते २०१८-१९ या काळातल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत मुऱ्हा आणि मेहसाणी म्हशींना, होल्स्टीनला आणि संकरित गायींना लेकींची परीक्षा मिळाली. गीर आणि कांक्रेज वंशावळीवरच निवडले गेले. आता ब्राझीलच्या गीरचं सिमेन आणा अशी मागणी ज्यांच्याकडून येते, त्यांना खरं तर तिथली वही हवी असते. वळू नुसता वहीबरोबर येतो. आणि ती वही तिथल्या कुरणावर लिहिलेली आहे.

जनुकांची चाचणी ही वाट जवळ करू शकते. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला देशी गायींसाठीची ‘गौ चिप’ जाहीर झाली. रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून गोऱ्ह्याच्या दुधाचा अंदाज जन्मतःच बांधता येतो. पण चिपला हे शिकवणार कोण? हजारो गायींचं प्रामाणिकपणे मोजलेलं दूध आणि त्यांची जनुकं शेजारी ठेवूनच ती शिकते. वही खोटी तर चिपही खोटं बोलणार, फक्त जास्त आत्मविश्वासानं.

त्याच समारंभात देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित सिमेनची घोषणा झाली. दहातल्या नऊ कालवडी होतात. गोऱ्हे रस्त्यावर सोडून द्यायची पाळी येऊ नये म्हणून ते लोकांना हवंच आहे. पण न पारखलेल्या वळूचं असं सिमेन वाटलं तर त्याची चूकही जवळपास दुपटीनं गोठ्यांत पसरते, कारण दूध कालवडीच देणार. लेकींच्या दुधाची खात्री किमान ०.७ च्या पुढे गेल्याशिवाय कोणत्याही वळूचं लिंगनिर्धारित सिमेन अनुदानावर देऊ नये, असं माझं मत आहे. कुणाला ते कडक वाटेल.

तोवर तरुण वळूंचं काय करायचं? एकाच ‘नामांकित’ वळूच्या पन्नास हजार मात्रा वाटण्यापेक्षा पंचवीस तरुण वळूंच्या दोन-दोन हजार मात्रा शंभरेक गावांत वाटाव्यात. प्रत्येकाचा काही साठा उणे १९६ अंशांत बाजूला ठेवून द्यावा आणि लेकींचा निकाल लागल्यावर चांगल्या पाचांचा साठा बाहेर काढावा. यात कुणाचंही नशीब एका वळूवर अडकत नाही आणि नात्यातले जोडही कमी होतात.

बाजारात वळूच्या नावापुढे ‘ए-टू’ (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) लिहून भाव वाढवणाऱ्यांबद्दल थोडक्यात: आपल्या देशी गायींत त्याचं जनुक आधीच सर्रास आहे, आणि दूध किती येईल याच्याशी त्याचा काही संबंध नाही. गीरचं ढालीसारखं कपाळ आणि कांक्रेजची सवाई चाल जातीची ओळख पटवतात, चाल तर बैलाची कुवतही सांगते. कासेबद्दल दोन्ही गप्प.

गायींना कवाड उघडून आसरा दिला म्हणून गायकवाड, ही गोष्ट वडोदऱ्यातल्या मराठी घरांत पोरासोरांना ठाऊक असते. वाघोडिया रस्त्याला थोडी जमीन घेऊन दोन-चार गीर बांधणाऱ्या आपल्यातल्यांनी पुढच्या वेळी रेतन करणाऱ्याला आईबद्दल विचारून झालं की एवढं करावं. स्ट्रॉ ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवून बाहेर काढतात, पुसतात आणि टोक कापतात. त्या पाव मिलिलिटरच्या नळीवर बारीक अक्षरांत वळूचा क्रमांक छापलेला असतो. गायीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतोच. दोन्ही आकडे कार्डावर एका ओळीत लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. ते लिहिले नाहीत तर चार वर्षांनी ती कालवड दहा लिटर देवो की दोन, ती कुणाची लेक हे कुणालाच सांगता येणार नाही. रिकामी नळी क्रमांकासकट केव्हाच उकिरड्यात गेलेली असते.